भिंतीला हात असतात!

‘भिंतीला कान असतात’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना तर ती अनुभवानेच पटलेली आहे. पण भिंतीला हातसुद्धा असतात, असं म्हटलं तर? आणि तेही असे हात, की एका हाताने पाणी पुढे ओढतात आणि दुसऱ्या हाताने त्याच पाण्यातून जाणाऱ्या एखाद्याचा सदरा धरून ठेवतात! ह्या लेखात अशाच एका भिंतीबद्दल सांगणार आहे. ती केसाएवढ्या नळीच्या आत असते, आणि ती किती एकसारखी आहे ह्यावर एखाद्या लहान मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट किती विश्वासाचा, हे ठरतं.

विषयाचं नाव जरा भारदस्त आहे : कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस. घाबरू नका, वायवा नाहीये! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ‘कॅपिलरी’ हा शब्द मला पाठ होता. पण तो डोक्यात शिरला तो मराठी पुस्तकातला ‘केशनलिका’ हा शब्द वाचल्यावर. केशनलिका म्हणजे केसासारखी नळी. लॅटिनमध्येही ‘कॅपिलस’ म्हणजे केसच. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेच्या ओढीने झालेला प्रवास. द्रावणाच्या दोन टोकांना इलेक्ट्रोड लावले, की धन भाराचे कण ऋण टोकाकडे आणि ऋण भाराचे कण धन टोकाकडे निघतात. ज्याच्यावर भार जास्त आणि अंगाने जो लहान, तो जोरात जातो. सगळ्यांनी एकाच रेषेवरून सुरुवात केली, तर थोड्या वेळाने मिश्रणातले घटक आपोआप वेगळे होतात. तत्त्व एवढंच.

आधी प्रश्न रक्ताचा

नाशिक म्हटलं की द्राक्षं, कुंभमेळा आणि सातपूर-अंबडच्या कंपन्या डोळ्यांसमोर येतात. पण सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हे आदिवासी तालुकेही ह्याच जिल्ह्यातले. नंदुरबारपासून थेट गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. विदर्भात तो आदिवासी नसलेल्या समाजांतही आहे. सिकल म्हणजे विळा. ह्या आजारात ऑक्सिजन कमी पडला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना, ॲनिमिया, वरचेवर इन्फेक्शन. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रासह १७ राज्यं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे.

गावपातळीवर पहिली तपासणी अगदी सोपी असते. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, एका रसायनात टाकायचा. द्रावण गढूळ झालं तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. स्वस्त आणि मस्त! पण गढूळ झालं म्हणजे मूल आजारी आहे की नुसतं वाहक आहे, हे मात्र ह्या चाचणीला सांगता येत नाही. आई किंवा वडील ह्यांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलं असेल तर ते मूल वाहक. ते सहसा ठणठणीत असतं. दोघांकडूनही आलं असेल तर तो आजार. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. शिवाय नवजात बाळाच्या रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून पहिल्या काही महिन्यांत ह्या गढूळ-नितळवर भरवसा ठेवता येत नाही.

आमचं एनएसएसचं शिबिर पेठ तालुक्यातल्या एका गावात होतं. तिथल्या आरोग्य तपासणीत मी नोंदी लिहायला बसले होते. एका बाईंच्या मुलाची चाचणी गढूळ आली. नर्सताई म्हणाल्या, आता मोठी तपासणी करावी लागेल, रिपोर्ट मागाहून येईल. त्या बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “ताई, पोराला हाय का नाय, येवढंच सांगा ना.” त्यांना हवं असलेलं उत्तर एका शब्दाचं होतं. माझ्याकडे ते नव्हतं, आणि नर्सताईंकडेही नव्हतं. ते उत्तर जिथून येतं ती ‘मोठी तपासणी’ आतून कशी असते, हे शोधायला मी नंतर लायब्ररीत बसले. आपल्याकडे ती एचपीएलसी यंत्रावर होते, साध्या जेलवरच्या किंवा पट्टीवरच्या इलेक्ट्रोफोरेसिसने होते, आणि काही प्रयोगशाळांत केशनलिकेतल्या इलेक्ट्रोफोरेसिसने. ह्या तिसऱ्या यंत्रात मला चक्क आपला मेकॅनिकलचा सिलॅबस सापडला, म्हणून त्याच्यावर लिहिते आहे.

५७४ मध्ये फक्त २

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. दोन अल्फा साखळ्या, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या; दोन बीटा साखळ्या, प्रत्येकी १४६ च्या. बेरीज केली तर ५७४. सिकलमध्ये प्रत्येक बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. म्हणजे ५७४ मध्ये फक्त २ बदल! वजनात म्हणाल तर फरक नगण्य. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि व्हॅलिन न्यूट्रल असतं. त्यामुळे सिकलच्या रेणूवर (ह्याला ‘एस’ म्हणतात) नेहमीच्या रेणूपेक्षा (हा ‘ए’) दोन ऋण भार कमी असतात. ह्या दोन भारांच्या फरकावरच सगळी तपासणी उभी आहे.

हा फरक पहिल्यांदा पकडला तो १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो, सिंगर आणि वेल्स ह्यांनी, अमेरिकेत. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस ह्यांनी १९३० च्या दशकात बनवलेल्या पद्धतीच्या यंत्रात त्यांनी दोन्ही हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सोडली, आणि ती वेगवेगळ्या वेगाने गेली. एखादा आजार रेणूतल्या बदलामुळे होतो, हे दाखवणारा तो पहिला पुरावा. टिसेलियसना १९४८ चं नोबेल मिळालं होतं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं आहे, ते १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इनग्राम ह्यांनी शोधलं.

टिसेलियसचं यंत्र खोली अडवणारं होतं. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्गन्सन आणि लुकाक्स ह्यांनी हेच काम ७५ मायक्रॉन व्यासाच्या काचेच्या नळीत, ३० किलोव्होल्टपर्यंत दाब देऊन करून दाखवलं. आता कोणी विचारेल, एवढी बारीक नळी कशाला? कारण सोपं आहे. विजेचा दाब वाढवला की वेगळं होण्याचं काम लवकर आटपतं, पण द्रावण तापतं. ते मध्ये गरम आणि कडेला गार झालं, की आत वेडेवाकडे प्रवाह सुरू होतात आणि वेगळे झालेले पट्टे पुन्हा मिसळतात. नळी बारीक असली की उष्णता लगेच भिंतीतून बाहेर पडते. हीट ट्रान्सफरच्या पेपरला आपण जे गिरवतो, तेच.

मूडी चार्ट इथे का चालत नाही?

आता आपल्या आवडत्या विषयाकडे येऊ. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मूडी चार्ट सगळ्यांनी पाहिलाय. नळीचा खडबडीतपणा वाढला की घर्षण वाढतं, पण ते टर्ब्युलंट प्रवाहात. लॅमिनार भागात मात्र एकच सरळ रेषा : ६४ भागिले रेनॉल्ड्स नंबर. तिथे खडबडीतपणाचं नावही नाही.

आपल्या केशनलिकेचा रेनॉल्ड्स नंबर काढून बघा. व्यास ५० मायक्रॉन, वेग सेकंदाला साधारण २ मिलीमीटर, द्रव जवळजवळ पाण्यासारखा. उत्तर येतं ०.१ च्या आसपास. म्हणजे प्रवाह लॅमिनार, अगदी शंभर टक्के. मग चार्टप्रमाणे भिंत कशीही असली तरी काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि भरपूर पडतो. मूडी चार्ट चुकीचा नाही. तो पंपाने ढकललेल्या पाण्यासाठी आहे. केशनलिकेत असा पंपच नसतो. इथे भिंत हाच पंप असतो!

कसा, ते सांगते. ही नळी फ्यूज्ड सिलिकाची, म्हणजे अतिशुद्ध सिलिकॉन डायऑक्साइडची असते. तिच्या आतल्या पृष्ठभागावर सिलॅनॉल नावाचे गट असतात : सिलिकॉनला चिकटलेला ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन. अल्कधर्मी द्रावण भरलं की हा हायड्रोजन सुटून जातो आणि भिंतीवर ऋण भार उरतो. मग द्रावणातले धन आयन भिंतीजवळ गर्दी करतात. ही गर्दीची चादर किती जाड असते? द्रावणात मीठ किती त्यावर अवलंबून, पण १० मिलिमोलरला साधारण ३ नॅनोमीटर, १०० मिलिमोलरला साधारण १ नॅनोमीटर. विजेचा दाब दिला की ही धन आयनांची चादर ऋण टोकाकडे सरकते आणि जाताना नळीतलं सगळं पाणी आपल्याबरोबर ओढून नेते. ह्याला इलेक्ट्रो-ऑस्मॉटिक प्रवाह म्हणतात.

ह्यातली गंमत अशी : पंपाने ढकललेलं पाणी मध्यभागी सगळ्यात जोरात आणि भिंतीपाशी जवळजवळ थांबलेलं असतं. तो पॅराबोला आपण परीक्षेत काढतो. मधला वेग सरासरीच्या दुप्पट. इथे मात्र ओढ भिंतीकडूनच आहे, त्यामुळे चादरीच्या आतलं सगळं पाणी एकाच वेगाने, बुचासारखं सपाट सरकतं. म्हणून नमुन्याचा पट्टा पुढे जाताना फारसा पसरत नाही. ५० सेंटीमीटरच्या नळीला २० किलोव्होल्ट दिले आणि भिंतीचा झीटा पोटेन्शियल ७० मिलिव्होल्ट धरला, तर स्मोलुकोव्स्कीच्या सूत्राने वेग येतो सेकंदाला सुमारे २ मिलीमीटर. चारेक मिनिटांत पाणी ह्या टोकापासून त्या टोकाला! आणि नळीत मावतं किती? फक्त १ मायक्रोलिटर. रक्ताचा नमुना तर त्याहूनही कितीतरी कमी लागतो.

दुतोंड्या मारुतीपाशी बसा

आता हिमोग्लोबिन आत सोडू. यंत्रातल्या द्रावणाचा पीएच साधारण ९.४ ठेवतात. ह्या पीएचला हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून ते धन टोकाकडे जायला बघतं. पण पाणी चाललंय उलट, ऋण टोकाकडे, आणि पाण्याचा जोर जास्त आहे.

गोदावरीला पूर आलाय असं समजा. काही जण नदीत उतरून प्रवाहाच्या विरुद्ध पोहतायत. (प्रत्यक्षात कृपया करू नका!) पोहायचं वरच्या दिशेला, पण पूर सगळ्यांना खालीच आणतोय. खाली दुतोंड्या मारुतीपाशी तुम्ही घड्याळ घेऊन बसलात, तर आधी कोण दिसेल? जो सगळ्यात कच्चा पोहणारा, तो. पट्टीचा पोहणारा सगळ्यात शेवटी येईल.

केशनलिकेत हेच होतं. ‘ए’ वर ऋण भार जास्त, म्हणून तो उलट दिशेला जोरात पोहतो आणि उशिरा पोचतो. ‘एस’ वर दोन भार कमी, म्हणून तो आधी येतो. नळीच्या शेवटी एक खिडकी असते. तिच्यातून ४१५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश सोडतात. हिमोग्लोबिन हा प्रकाश चांगला शोषतं, त्यामुळे ते समोरून गेलं की आलेखावर एक उंचवटा उमटतो. क्रम असा : आधी ‘ए-टू’ हे थोडंसं असणारं हिमोग्लोबिन, मग ‘एस’, मग गर्भातलं ‘एफ’, आणि शेवटी ‘ए’.

आता त्या बाईंचा प्रश्न ह्या आलेखावर कसा दिसतो बघा. ‘एस’ चा उंचवटा आहे आणि ‘ए’ चाही आहे : मूल वाहक. ‘एस’ आहे पण ‘ए’ च्या जागी काहीच नाही : आजार. (मधे रक्त चढवलेलं असलं तर ‘ए’ दुसऱ्याचा असू शकतो, म्हणून डॉक्टर ती चौकशीही करतात.) म्हणजे सगळा निकाल ‘ए’ च्या जागी सपाट रेषा आहे की छोटासा उंचवटा आहे, ह्यावर येऊन थांबतो.

खडबडीत भिंत काय करते?

पहिली गोष्ट म्हणजे ओढ असमान होते. आपल्याकडे चैत्र एकादशीला रामरथ निघतो, तेव्हा दोरावर सगळीकडून सारखा जोर असला तर रथ सरळ जातो. एका बाजूचे ढिले पडले की रथ तिरका. भिंतीवर काही ठिकाणी सिलॅनॉल भरपूर आणि काही ठिकाणी कमी असतील, किंवा काही ठिकाणी प्रथिनाचे डाग बसले असतील, तर पाण्याला कुठे जोरात ओढ मिळते, कुठे हळू. पण पाणी दबत नाही, नळीच्या प्रत्येक छेदातून सारखंच पाणी जायला हवं (कंटिन्युइटी इक्वेशन!). मग ही तफावत भरून काढायला नळीच्या आतच दाब तयार होतो. आणि दाब आला की आपला जुना मित्र पॅराबोलाही आला. सपाट बूच मोडतं, पट्टा पसरतो, शेजारशेजारचे उंचवटे एकमेकांत मिसळायला लागतात.

दुसरी गोष्ट, चिकटणं. पीएच ९.४ ला हिमोग्लोबिन एकूण ऋण आहे आणि भिंतही ऋण. दोघांनी एकमेकांना ढकलायला हवं. बऱ्यापैकी ढकलतातही, आणि पीएच एवढा जास्त ठेवण्याचं तेही एक कारण आहे. पण एवढ्या मोठ्या रेणूच्या अंगावर लायसिन, आर्जिनिन ह्यांचे धन ठिपके असतातच. असा ठिपका भिंतीच्या ऋण गटासमोर आला की रेणू क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. हाच तो सदरा धरणारा हात! असे मागे राहिलेले रेणू उंचवट्याला शेपूट लावतात. क्रम आठवा : ‘एस’ आणि ‘एफ’ च्या मागे ‘ए’ आहे. पुढच्यांची शेपूट लांबली तर ती पडते नेमकी ‘ए’ च्या जागेवर. नवजात बाळात ‘एफ’ भरपूर आणि ‘ए’ थोडा, म्हणून तिथे तर जास्तच जपावं लागतं. शेपटीला ‘ए’ समजलं तर आजारी बाळ कागदावर वाहक ठरेल, आणि त्याचं औषधपाणी वेळेवर सुरू होणार नाही. चांगल्या यंत्रात असं होऊ नये म्हणूनच पुढचा सगळा खटाटोप आहे.

नळी जितकी बारीक, तितका भिंतीचा वरचष्मा. घरातली ५० मिलीमीटरची पाइपलाइन आणि ५० मायक्रॉनची केशनलिका घ्या. दर घनमीटर पाण्यामागे पाइपच्या भिंतीचं क्षेत्रफळ येतं ८० चौरस मीटर, आणि केशनलिकेचं ८०,०००. हजारपट! त्यात भिंत उंचसखल असेल तर खरं क्षेत्रफळ आणखी वाढतं, म्हणजे अडकायला जागाही वाढतात.

तिसरी गोष्ट मापाची. वर्कशॉपमध्ये लेथवरच्या जॉबचा खडबडीतपणा ३.२ मायक्रॉन आला तरी चालतो, ग्राइंडिंगने ०.४ पर्यंत आणतो, लॅपिंगने त्याहून खाली. चांगल्या केशनलिकेच्या आतली भिंत मात्र नॅनोमीटरच्या हिशेबात गुळगुळीत असावी लागते. कारण पाणी ओढणारी ती आयनांची चादरच मुळी १ ते ३ नॅनोमीटर जाड आहे. भिंतीवरचे खड्डे-टेकाडं चादरीच्या जाडीएवढी झाली, की चादर खड्ड्यात शिरते, तिथलं विजेचं क्षेत्र वाकतं आणि ओढीचं साधं गणित बिघडतं. लेथवरचा उत्तम जॉब ह्या चादरीच्या नजरेने पाहिला तर सह्याद्रीच्या रांगा दिसतील!

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. खडबडीतपणा दोन प्रकारचा असतो. एक भूमितीतला, जो आपण मेट्रॉलॉजी लॅबमध्ये मोजतो. दुसरा रसायनातला : दिसायला भिंत गुळगुळीत, पण भार ठिपक्याठिपक्यांनी कमी-जास्त. काच ओढून केलेली चांगली नळी भूमितीत सहसा नापास होत नाही. ती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात नापास होते. म्हणून नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघून चालत नाही, नळी चालवूनच बघावी लागते. त्यासाठी ॲसिटोनसारखा भार नसलेला पदार्थ सोडतात. तो स्वतः पोहत नाही, नुसता वाहत येतो. त्याला लागलेला वेळ म्हणजे पाण्याचा वेळ. समजा काल ४ मिनिटं लागली आणि आज साडेचार, तर भिंत बदलली किंवा तापमान बदललं.

भिंत राखायची कशी?

सगळ्यात जुना उपाय म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने धुणं. अल्कलीमध्ये सिलिका किंचित विरघळते. त्यामुळे चिकटलेली घाण निघते आणि खाली ताजी भिंत मिळते. पण हे एमरी पेपरसारखं आहे : थोडं घासलं तर चकाकी, जास्त घासलं तर जॉब बाद. फार तीव्र अल्कलीने फार वेळ धुतलं तर भिंतच खायला लागते. म्हणून किती वेळ आणि किती तीव्र हे ठरवून, प्रत्येक वेळी तसंच धुतात. शिस्त महत्त्वाची, कारण यंत्र कोणतं हिमोग्लोबिन कुठलं, हे ते केव्हा पोचलं त्यावरून ओळखतं. भिंत बदलली की वेळ बदलते, आणि वेळ बदलली की ओळख चुकू शकते. म्हणूनच मधूनमधून माहीत असलेला नमुना चालवून पडताळा घेतात.

दुसरा उपाय भिंतीला अस्तर लावायचा. स्वीडनच्या स्टेलान यर्टेन ह्यांनी १९८५ मध्ये केशनलिकेच्या आत पॉलिॲक्रिलामाइडचा पातळ थर रासायनिक बंधाने बसवला. प्रथिनं चिकटायची थांबली. पण पाण्याची ओढही जवळजवळ थांबली! एक हात बांधला की दुसराही बांधला जातो, असं हे त्रांगडं आहे. मग पुराच्या भरवशावर न राहता पोहणाऱ्यांनाच आपापल्या ताकदीवर पोचू द्यायचं आणि विजेची टोकं त्याप्रमाणे लावायची. तिसरा उपाय म्हणजे द्रावणातच असं पॉलिमर घालायचं की ते आपणहून भिंतीवर बसेल आणि झिजलं तरी पुन्हा बसेल. मानवी जीनोमचा आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे ९६-९६ केशनलिकांची डीएनए यंत्रं रात्रंदिवस चालत होती, आणि त्यांच्या नळ्यांत असंच स्वतःहून अस्तर होणारं पॉलिमर भरलेलं असायचं.

आणि खडबडीतपणा नेहमी वाईटच असतो असंही नाही. इंजिनाच्या सिलिंडरला होनिंग करताना आपण मुद्दाम तिरक्या रेघा ठेवतो, कारण त्यांत तेल टिकतं. तसंच काही कामांसाठी केशनलिकेची भिंत मुद्दाम खरवडून खडबडीत करतात. वाढलेल्या क्षेत्रफळावर हवं ते रसायन बसवायचं आणि भिंतीनेच घटक वेगळे करायला मदत करायची. गुळगुळीत हवी की खडबडीत, हे काम बघून ठरतं. एकसारखी मात्र दोन्हीकडे हवीच.

आपलं काम काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळं केमिस्ट्रीवाल्यांचं. मला तसं वाटत नाही. हे यंत्र शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत राहिलं तर सुरगाण्याच्या मुलाचा रिपोर्ट ‘मागाहून’च येणार. ते तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं तर लहान आणि स्वस्त व्हायला हवं. त्यासाठी काचेच्या नळीऐवजी प्लॅस्टिकच्या चिपवर कोरलेली वाट वापरायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर चालणारी छोटी यंत्रंही निघाली आहेत. पण चिप साच्यातून निघते, आणि साच्यावरचे टूलमार्क जसेच्या तसे वाटेच्या भिंतीवर उमटतात. तो साचा कोण करणार? टूलरूमवाले! दुसरं म्हणजे तापमान. पाण्याची व्हिस्कॉसिटी दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी बदलते, त्यामुळे मे महिन्यात आणि डिसेंबरात पोचायची वेळ सारखी येणार नाही. म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना काम. वीज जाणार, म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांनाही.

बी.ई. प्रोजेक्टसाठी ह्यात एक छान विषय आहे. १० सेंटीमीटरची केशनलिका घ्यायची. तिच्यात एक द्रावण भरायचं, आणि एका टोकाच्या भांड्यात तेच द्रावण थोडं पातळ करून ठेवायचं. २ किलोव्होल्ट दिले की पातळ द्रावण हळूहळू आत शिरतं, तसा करंट कमी होत जातो, आणि नळी पूर्ण भरली की स्थिर होतो. साधारण दीड मिनिटाचा खेळ. त्या वेळेवरून प्रवाहाचा वेग आणि वेगावरून भिंतीचा झीटा पोटेन्शियल मिळतो. मग हीच नळी अल्कलीने धुऊन, न धुता, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं पातळ पाणी फिरवून पुन्हा मोजायची. भिंत कशी बदलते ते आकड्यांत दिसेल. करंट फक्त काही मायक्रोअँपिअर असतो, पण २ किलोव्होल्ट म्हणजे खेळणं नव्हे. सरांच्या देखरेखीखाली, करंट-लिमिट असलेल्या सप्लायवर आणि इंटरलॉक लावूनच करायचं.

आपल्या गावातच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. डॉक्टर लोक इथे, आपण इथे, आणि पेशंट तासा-दोन तासांच्या अंतरावर. ज्यांना ह्या प्रोजेक्टमध्ये रस असेल त्यांनी मला मेकॅनिकलच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये गाठा. ग्रुपमध्ये अजून दोन जागा रिकाम्या आहेत, आणि केमिस्ट्री येणारा एक जण तर हवाच आहे.